शांत मुली

सहा वर्षांची शर्वरी शाळेत कवायत करताना कोसळली, तेव्हा तिचं अपेंडिक्स फुटलेलं होतं.

“दुखत होतं का गं?” ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर कुरणेबाईंनी विचारलं.

“दोन दिवस. खूप,” शर्वरी हसतमुखानं म्हणाली.

“पण एकदाही कण्हली नाही हो!” वडील म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कण्हेल कशी? तुमची झोपमोड नको म्हणून जन्माआधीच तिच्या जनुकांतून रडणं-कण्हणं काढून टाकलंत ना? कुणीतरी धावून यावं म्हणून माणूस लाखो वर्षांत कण्हायला शिकला, आणि तुम्हाला त्याचीच कटकट झाली!”

आईनं दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे धाकटी चित्र रंगवत होती.

“हिचंही तेच केलंय?” बाईंनी विचारलं.

“हो. पण ती बरी आहे,” आई म्हणाली. “बघा ना, किती शांत बसलीय.”

“म्हणूनच तिलाही आत आणा!” बाई कडाडल्या.