तीनशे पासष्टांतला एक

"चाळीस जणांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो," सर म्हणाले. "शंभरातल्या एकोणनव्वद वेळा तरी येतोच."

वर्ग हसला. रविवारच्या कॉलेजातली सगळी माणसं आठवडाभर राबून आलेली. त्यांना गंडवणं सोपं नव्हतं.

"वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, आणि आम्ही मोजून चाळीस," पोस्टमन म्हणाला. "कायच्या काय, सर! लागली पैज. जोडी निघाली तर सगळ्यांना माझ्याकडून चहा."

सरांनी आधी गणित मांडलं. पहिल्याला कुठलाही दिवस चालेल. दुसऱ्याचा वेगळा हवा, म्हणजे त्याच्यासाठी तीनशे चौसष्ट उरले. तिसऱ्यासाठी तीनशे त्रेसष्ट. असे अपूर्णांक एकमेकांशी गुणत जायचं. सगळ्यांचे दिवस वेगळे असण्याची शक्यता झिजत झिजत अकरा टक्क्यांवर येऊन थांबली. मग त्यांनी फळा पुसला. "आता तारखा सांगा. वर्ष नको."

दुसऱ्या बाकावरची नर्स वहीत डोकं घालून बसली. वर्गात तिला सगळे सिस्टर म्हणत. प्रसूती विभागात ती रोज नव्या बाळांच्या पायांत चिठ्ठ्या बांधायची. तारीख, तास, मिनिट, सगळं नीट लिहून. स्वतःच्या तारखेचा विषय निघाला की मात्र तिला हटकून काहीतरी काम आठवायचं.

"दोन डिसेंबर," पोस्टमन ऐटीत म्हणाला. तारखा पुढे सरकल्या. तिची पाळी आली.

"नऊ मार्च," ती पुटपुटली. सरांनी लिहिलं आणि ते पुढे गेले.

एकोणतिसावा होता शेवटच्या बाकावरचा लिफ्टवाला. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, वर्षभरात कुणाशी चार शब्द न बोललेला. त्याने बराच वेळ घेतला.

"नऊ मार्च."

एकच गलका झाला. टाळ्या पडल्या. पोस्टमनने कपाळावर हात मारून घेतला.

नर्सने टाळी वाजवली नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं. लिफ्टवाला स्वतःच्या हातांकडे बघत बसला होता, आणि तिला कळलं. ती ज्या अनाथघरात वाढली तिथे कागदाशिवाय आलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे मोठ्या बाई एकच तारीख लिहीत. ते घर सुरू झालं तो दिवस. नऊ मार्च.

गप्प बसता आलं असतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिने हे कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. पण सर फळ्यावर त्या दोन तारखांभोवती गोल काढत होते, आणि ते चूक होतं.

ती उभी राहिली. "सर, माझी तारीख खोडा. ती माझी नाही. मी कधी जन्मले ते कुणालाच माहीत नाही. ही अनाथघरात आम्हा सगळ्यांना नुसती वाटून दिलेली आहे."

मागे बाक करकरलं.

"माझीही खोडा," लिफ्टवाला उभा राहून म्हणाला. "त्याच घरात वाटून दिलेली."

सर खडू हातात धरून थांबले. हळहळले नाहीत, की कसनुसं हसलेही नाहीत. त्यांनी दोन्ही तारखा खोडल्या आणि तिथे दोन प्रश्नचिन्हं काढली.

"योगायोग म्हणून ही जोडी धरता येणार नाही. तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही दोघं गणितातून बाहेर नाही. चाळीस ते चाळीसच. तुमचा दिवस या तीनशे पासष्टांत आहे. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. गणिताला ते ठाऊक असायची गरजही पडत नाही."

नर्स फळ्याकडे बघत राहिली. आपला दिवस हरवला, असंच ती आजवर धरून चालली होती. तो दरवर्षी येत होता आणि तिला ओलांडून जात होता, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

उरलेल्या तारखा सुरू झाल्या. छत्तिसावी होती शिलाई कारखान्यात कापड बेतणारी मुलगी.

"दोन डिसेंबर," ती म्हणाली.

पोस्टमनचा आ वासला. "अहो, हा तर माझा!"

या वेळी नर्सनेही टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर सगळे पोस्टमनला घेरून चहाला निघाले. लिफ्टवाला जिन्यापाशी रेंगाळला होता.

"कुठल्या खोलीत होतात तुम्ही?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरावरच्या. तुम्ही?"

"मी तुझ्या कितीतरी आधी बाहेर पडलो असेन. पण होतो त्याच खोलीत." तो कठड्याला टेकला. "सर म्हणाले ते खरं असेल, तर आपल्यापैकी एखाद्याचा वाढदिवस आजसुद्धा असेल?"

नर्सने वही कठड्यावर ठेवली. या विषयात ती एकदा नापास झाली होती. आधी दोघांचाही आज नसण्याची शक्यता काढायची, मग ती एकातून वजा करायची. तिने अपूर्णांक मांडले, गुणले, एकदा खोडलं, पुन्हा गुणलं.

"हजारात पाच," ती म्हणाली. "साडेपाच धर, दादा."

"म्हणजे शून्य नाही."

"नाही. शून्य नाही."

बाहेर दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं. लिफ्टवाल्याने केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर सरळ केली आणि मग तो रस्त्यावर उतरला.