फोटो फुटतोय

"अगं, फोटो फुटतोय." सरस्वतीबाईंचा आवाज मोबाइलमधून आला. "मोठा करायला गेलं की पोराच्या तोंडाचे नुसते चौकोन होतात. नाक कुठलं नि डोळे कुठले, काही कळत नाही."

अस्मिताने सासूबाईंचा निरोप पुन्हा एकदा ऐकला. काचबिंदूने त्यांची नजर पार अधू झाली होती, टाइप करणं जमत नव्हतं, म्हणून हल्ली त्या बोलूनच निरोप पाठवायच्या.

"आई, व्हॉट्सॅप फोटो दाबून पाठवतं, म्हणून तसं होतं," तिने उत्तर दिलं. फोटो फुटतोय याचं आपल्याला मनातून बरंच वाटतंय, हे मात्र तिने सांगितलं नाही.

होळीच्या आधी ती ओजसला कडेवर घेऊन मुलुंडच्या घरातून निघाली होती. आदल्या दिवशी नवऱ्याने, अभिरामने, तिचा हात तापल्या तव्यावर दाबून धरला होता. "गेलीस तर शोधून काढीन," तो म्हणाला होता, "आणि मग पोरगं तुझ्या दृष्टीस पडायचं नाही." हाताची जखम भरून आली. ते वाक्य मात्र रोज नव्याने पोळायचं.

ती नाशिककडे कुठेतरी आहे अशी सगळ्यांची समजूत होती. ती होती पूल ओलांडून खाडीच्या पलीकडे, घणसोली गावात, रंगूबाईंच्या माडीवरच्या खोलीत. इतक्या जवळ कोण कशाला शोधायला येईल?

रंगूबाईंनी भाड्यासाठी चांगली घासाघीस केली होती. पण तिचा हात पाहिला आणि त्या मुकाट्याने खाली जाऊन दोन ताटल्या, एक पातेलं नि ओजसच्या दुधासाठी पेला घेऊन आल्या. "माझा नाव हाय भांड्यांवर," त्यांनी दम भरला. "जाशील तवा सोबत नेशील, त बघ!"

सासरच्या एकाच माणसाला अस्मिताने आपला नवा नंबर दिला होता. त्या घरात तिच्या भाजलेल्या हाताला तूप लावणारं दुसरं कोणी नव्हतं. शिवाय सरस्वतीबाईंनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं, "कुठे आहेस ते मला सांगूच नकोस बाई. माझ्या पोटात काही राहत नाही." अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसा!

तरी ती जपून होती. फेसबुक, इन्स्टा बंद केलं होतं. मोबाइलचं लोकेशन बंद होतं. ओजसचा फोटो काढायचा तो कोऱ्या भिंतीपुढे. बालवाडीचा गणवेश नाही, खिडकी नाही, कॅलेंडर नाही. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकण्याचंच तिचं काम होतं. नजर तयार झाली होती.

बुधवारी सरस्वतीबाईंचा पुन्हा निरोप आला. आवाज कापत होता.

"शुक्रवारी ऑपरेशन आहे गं. उरलीय तेवढी नजर राहील याची डॉक्टरला खात्री नाही. त्याआधी एकदा माझ्या ओजूचं तोंड धड बघू दे. शेजारची सुमेधा म्हणते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फुटत नाही."

तरी अस्मिताने विचारलं, "तुमचा फोन अभिराम बघत नाही ना?"

"त्याला हात लावू देईन का मी? माझ्या डोळ्यांची शपथ."

रंगूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ऐकून गप्प बसणाऱ्या त्या नव्हत्या.

"पाठव गो," त्या म्हणाल्या. "आंधल्या म्हातारीला नातवाचा तोंड दाखवला नाय, त पाप लागंल."

सकाळी ओजस दूध पीत होता. दोन्ही हातांत पेला, ओठांवर पांढरी मिशी, आणि आई बघतेय म्हटल्यावर फुटलेलं हसू. अस्मिताने फोटो काढला. पाठवण्याआधी कोपरान् कोपरा तपासला. मागे कोरी भिंत. अंगात साधा बनियन. कुठे काही नाही. तिने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

बराच वेळ काही आलं नाही. मग सरस्वतीबाईंचा हुंदका ऐकू आला. "बघितला गं बाई, डोळे भरून बघितला. देव तुझं भलं करो."

अस्मितालाही रडू आलं. कित्येक महिन्यांनी आपल्या हातून कुणाचं तरी भलं झालं, असं तिला वाटलं.

रविवारी दुपारी दार वाजलं. रंगूबाई कोलंबी घेऊन येणार होत्या. तिने कडी काढली.

दारात अभिराम होता. ती किंचाळायच्या आत त्याने तिला भिंतीवर ढकललं आणि झोपलेल्या ओजसला उचललं. पोरगं दचकून रडू लागलं.

ती पोराकडे झेपावली. त्याने तिला परत लोटलं. या माणसाने फोन हिसकावून घेतला असणार, आंधळ्या आईलाही मारलं असणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"आईंचं काय केलंस?" ती ओरडली. "त्यांना काय केलंस तू?"

तो नुसता बाजूला झाला.

माडीचा तो अरुंद, अंधारा जिना कठड्याला हातही न लावता चढून सरस्वतीबाई आत आल्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, थेट मोरीच्या कट्ट्यापर्यंत गेल्या आणि पालथा घातलेला स्टीलचा पेला उचलला. काठाखाली टोचून कोरलेली बारीक अक्षरं त्यांनी घडाघडा वाचली.

"सौ. रंगूबाई ज्ञानू म्हात्रे, मु. घणसोली."

मग पेला जागच्या जागी ठेवत त्या लेकाला म्हणाल्या, "बघ, तुला म्हटलं नव्हतं? एवढा मोठा केला फोटो, पण एक अक्षर फुटलं नाही."