तोंड झाकलेला साक्षीदार

“ह्यो तोंड झाकलेला कोण?” नानासोंनी विचारलं.

स्वप्नालीनं लॅपटॉप थांबवला. पडद्यावर एक मेंढपाळ बोलत होता. कारखान्याचा टँकर पहाटे ओढ्यात काळं पाणी सोडतो, ते पिऊन आपली अकरा मेंढरं मेली, असं तो सांगत होता. चेहरा धूसर केलेला, आवाजही बदललेला.

“नाव नाही सांगता येणार, नाना.”

“पैसं मी द्यायचं, आन् नाव मलाच न्हाई?”

माधवनगरच्या या पोरीनं ओढ्यावरचा माहितीपट गावागावांतून वर्गणी काढून सुरू केला होता. लोकांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, वर्गणी मात्र निम्म्यातच आटली. इस्लामपूरकडचे बागायतदार नानासो, मिलिटरीतून रिटायर झालेले, उरलेला खर्च उचलतो म्हणाले तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता ती त्यांच्याच सोफ्यावर बसली होती.

तो मेंढपाळ म्हणजे दुष्काळी माण तालुक्यातला कोंडीबा. वर्षातले आठ महिने तो इकडच्या उसाच्या पट्ट्यात फिरायचा. शेतात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, त्यावर त्याचं घर चालायचं. “नाव फुटलं तर मला रानात कोण थारा दिल? पोटावर पाय यील, ताई,” तो म्हणाला होता. तिनं आईची शपथ घेतली होती.

“पैसे नाही दिलेत तरी चालेल,” ती म्हणाली. “नाव मिळणार नाही.”

नानासो मोठ्यानं हसले.

“शाब्बास! बघत हुतो, किती पाण्यात हायस. आता लाव म्होरं.”

तिचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर कोंडीबाची मेंढरं आली, अगदी जवळून.

“जरा थांबव. लय झ्याक दिसत्यात गं! चाळीस वर्सं माज्या रानात कळप बसत्यात, पर असं कवा न्याहाळलं न्हवतं.”

स्वप्नाली खूश झाली. तिचा सगळ्यात लाडका शॉट तोच होता.

“उरलेलं काम चालू कर,” नानासो म्हणाले. “सोमवारी येऊन चेक न्ये.”

ती त्यांच्या पाया पडली. फाटकाबाहेर येताच तिनं फोन लावला. “कोंडीबामामा, नाव नाही सांगितलं. शब्द पाळला.”

“लय उपकार झालं बग, ताई.” पलीकडून त्याला रडूच फुटलं.

तिची स्कूटी वळणाआड गेली. नानासोंनी कारखान्यात कामाला असलेल्या मेव्हण्याला फोन केला.

“पोरीनं नाव न्हाई सांगितलं. लागतंय कशाला? परत्येक मेंढक्याच्या मेंढरांच्या कानावरची खाच न्यारी असती. पडद्यावर सोता बघितली, कोंडीबाचाच कळप हाय. उद्यापास्नं त्याला कुणीबी रानात बसवू नगा.”