चार फूट कमी

ते जुनं दगडी घर बाहेरून तीस फूट भरलं. मधल्या दारातून टेप टाकून, भिंतींची जाडी धरूनही आतून सव्वीसच. चार फूट काय उंदरांनी खाल्ले?

गवंडी टेपचं टोक भिंतीला टेकवत नाही, असा माझा पक्का संशय. एक नंबरचा कामचुकार!

"नीट धरलीय का रे?" मी ओरडलो.

"धरलीय, साहेब," पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं. टेप ताणली गेली. पुन्हा सव्वीस.

वैतागून खिडकीबाहेर पाहिलं, तर गवंडी अंगणात चुना कालवत होता.

"टेप कुणाच्या हातात दिलीस?"

"कुणाच्या? खिळ्याला अडकवून आलो की मघाशीच."

तो तोंड मिटून पुन्हा चुना कालवू लागला. माझ्या हातातल्या टेपला हिसका बसला, आणि मधल्या भिंतीतून त्याचाच आवाज आला, "घट्ट धरा, साहेब. आलोच."