काटा झोपला

लंकाबाईनं चक्कीचा खटका खाली ओढला, तेव्हा चांगुणाची निम्मी बाजरी दळायची राहिली होती. पट्टा फडफडत थांबला.

"गेली का वं लाइट?" चांगुणानं पदरानं तोंडावरचं पीठ पुसत विचारलं.

"गेली न्हाई. मी घालवली," लंकाबाई गालातल्या गालात हसली. "तू आता हाटेलावर जा आन तिथला रेडिओ बंद कर. मेला ऐकत नसंल, तर वायर उपसून घेऊन ये."

सकाळपासून सगळ्या गावात हेच चाललं होतं. लाइट होती, पण वापरायची कुणी नाही.

कारण होती तार. ओढ्याकाठचा खांब पावसाळ्यात कलला आणि मोठ्या लायनीची तार गाडीवाटेवर लोंबायला लागली. पूर्वी सबस्टेशनात माणूस असायचा. फाटकावर उभं राहून चार शिव्या हासडल्या की वायरमन यायचा. आता त्या माणसाच्या जागी एक करडं कपाट आलं होतं. गावात किती वीज चाललीय, ते हे कपाट टेलिफोनच्या तारेवरनं तालुक्याच्या हपिसाला कळवायचं आणि तिथं भिंतीवर गावाच्या नावाचा काटा हलायचा. माणसाची बदली झाली, फाटकाला कुलूप लागलं. गावकऱ्यांनी तालुक्याला खेपा घातल्या. दर खेपेला साहेबाचा कारकून भिंतीकडं बोट दाखवायचा.

"काटा व्यवस्थित आहे ना? मग लाइन व्यवस्थित आहे."

उद्या साखर कारखाना सुरू व्हायचा होता. उसाची पहिली गाडी लंकाबाईचा पोरगा गोरक्ष हाकणार होता. काल त्यानं गाडी भरली आणि तारेपर्यंत नेऊन बघितली. मोळ्यांवर बसलेल्या पोराचा फेटा आणि वरची तार, यांच्यात हातभर जागा. ओढा उतरायला दुसरी वाट नाही. त्याच रात्री लंकाबाईनं गाव गोळा केलं.

"त्यास्नी काटाच दिसतो न्हवं?" ती पारावर म्हणाली. "मग काटाच झोपवू. तार तुटली समजून पळत येतील, दोर-शिडीसकट!"

चक्की, रेडिओ, बलब सोपे होते. घोडं अडलं मोटारींपाशी. विहिरीवरच्या प्रत्येक स्टार्टरला लाकडी खुंटी ठोकलेली असायची, म्हणजे लाइट आली की मोटार आपसूक चालू, मालकाची झोप मोडायला नको. गावातल्या सहादेवनं मळ्यामळ्यात फिरून खुंट्या उपसल्या, मोटारी बंद केल्या. श्रीमंतअण्णा मात्र मोटारीपुढं बाज टाकून बसला होता.

"माजा ऊस वाळंल की गं, लंके!"

"अण्णा, उसाला पानी उद्याबी मिळंल. माजं पोरगं गेलं, तर ते उद्या मिळंल का?"

अण्णा बाजेवरनं उठला, मोटार बंद केली, खुंटी उपसली आणि विहिरीत भिरकावली.

ऊन डोक्यावर यायच्या आत जीप आली. टपावर शिडी, मागं दोरखंडं आणि वायरमन. पुढून इंजिनियर धर्माधिकारी साहेब उतरला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"कुठं तुटलीय तार?"

"तुटली न्हाई सायेब. लोंबतीया. कवाधरनं सांगतोय."

साहेबानं चक्कीच्या बोर्डाला टेस्टर लावला. टेस्टर झकास पेटला. साहेबसुद्धा पेटला.

"लाइट आहे की! मग वापरत का नाही?"

"आज आमचा उपास हाय," लंकाबाई म्हणाली. मागं जमलेल्या बाया खिदळल्या.

"थट्टा करता? हा गुन्हा आहे!"

"लाइट चोरली तर गुना. न वापरल्याचा गुना कुटल्या कायद्यात लिवलाय, तेवडं दावा."

"अहो बाई, दुपारी मुंबईचे साहेब हे काट्याचं मशीन बघायला येताहेत! आणि तुमच्या गावाचा काटा आडवा पडलाय!"

मुंबईच्या साहेबांचं लंकाबाईला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे असे चमकले, जणू म्हैस व्यायली.

"असं व्हय? मग त्यास्नी घिऊन या हिकडं. काटा का झोपला, ते आमी सांगू की."

"मुकाट्यानं चक्की चालू करा."

"मुकाट्यानं तार वर घ्या."

"त्याला वरची मंजुरी लागते!"

"यिऊ द्या मंजुरी. आमी बसलोय." ती पिठाच्या पोत्यावर मांडी घालून बसली. पारावर अण्णा बसला, त्याच्या शेजारी हाटेलवाला बसला. सगळं गाव बसलं.

वायरमन आभाळाकडं बघत उभे राहिले. साहेब ओढ्याकडं चालत गेला. तारेखाली थांबला, वर बघितलं. भरलेली गाडी बघितली, तिच्यावर उभा गोरक्ष बघितला. मग सबस्टेशनाचं कुलूप काढून त्यानं टेलिफोन फिरवला आणि लाइन बंद करवली.

खांब सरळ झाला. तार ताणली गेली. गोरक्षनं भरली गाडी खालून काढली, मोळ्यांवर उभं राहून चाबूक उंच धरला. चाबकाचं टोकसुद्धा तारेच्या आसपास पोचलं नाही.

साहेबानं फोन करून लाइट सोडायला लावली. लंकाबाईनं खटका वर केला. चक्की गरजली, रेडिओ कोकलला, मळ्यात हातानं चालू केलेल्या मोटारी एकामागोमाग घुमायला लागल्या.

वायरमन दोर गुंडाळत होते. साहेब चक्कीच्या दारात आला. आता हा पोलिसांचं नाव घेणार, म्हणून लंकाबाईनं कमरेला पदर खोचला. साहेबानं मागं वळून बघितलं. चक्कीच्या घरघराटात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही, इतका तो जवळ आला.

"पलीकडच्या काळेवस्तीची तार तुमच्यापेक्षा खाली आहे, बाई. मी स्वतः वर लिहून लिहून थकलो. तिथलाही काटा व्यवस्थित आहे, म्हणतात." साहेबानं आवाज आणखी खाली आणला. "मुंबईचे साहेब उद्या संध्याकाळपर्यंत आहेत. काळेवस्तीत तुमच्या नात्यातलं कोणी आहे का?"