सायलस ड्र्यूचं सातवं मत

मतं मोजून झाली आणि सर हम्फ्री टॅलकॉट पडले. दोनशे बारा मतांनी. पार्लमेंटातल्या ज्या जागेवर त्यांचे आजोबा बसले, वडील बसले आणि ते स्वतः सत्तावीस वर्षं बसले, ती जागा बीअरचा कारखानदार गॅड्सबी घेऊन गेला. नगरभवनाच्या पायऱ्यांवर त्यांनी गॅड्सबीशी हात मिळवला. मान ताठ होती. टॅलकॉटांना हरताना मान खाली घालायचं कुणी शिकवलं नव्हतं.

"मी सांगत होतो," त्यांचा कारभारी प्रॉबर्ट कानाशी पुटपुटला. "गुप्त मतदानाच्या कायद्याला पार्लमेंटात पाठिंबा दिलात तुम्ही. आपल्याच पक्षाची माणसं हातापाया पडत होती, नको म्हणून. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात."

"दिला पाठिंबा. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन."

त्या कायद्याला त्यांनी हौसेनं पाठिंबा दिला नव्हता. तोवर मतदान म्हणजे सगळा उघड्यावरचा मामला होता. चौकात लाकडी माचा बांधायचा. मतदारानं वर चढायचं आणि आपण कुणाला मत देतो ते चार लोकांत मोठ्यानं सांगायचं. कारकून ते लिहून घेणार, पुढे त्याची पुस्तिका छापून निघणार. आणि समोर खुर्चीत खुद्द जमिनीचा मालक बसलेला. त्यांच्या मतदारसंघातल्या ॲशकोट गावात बेचाळीस मतदार, बेचाळीसही सर हम्फ्रींची कुळं. एक जण सोडला तर बाकी सगळे एकेक करून वर चढत आणि "सर हम्फ्री!" म्हणून ओरडत. घरी येऊन ते पुस्तिका उघडत, एकेका नावावर बोट ठेवत आणि स्वतःलाच विचारत, हा माझ्यासाठी ओरडला की आपल्या शेतासाठी? ते त्यांना कधीच कळलं नाही. कळावं म्हणून त्यांना पडद्याआडचं मतदान हवं होतं. आता कळलं होतं, आणि ते चांगलंच कडू होतं.

एकाच माणसाबद्दल त्यांना कधी शंका नव्हती. तो म्हणजे टेकडीवरचं शेत कसणारा सायलस ड्र्यू. सहा निवडणुका तो डोक्यावरची टोपी न काढता माच्यावर चढला होता आणि सर हम्फ्रींच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांच्या विरोधकाचं नाव घेऊन उतरला होता. समोर कोण उभा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. एका वर्षी तर समोरचा उमेदवार दारूच्या नशेत माच्यावरूनच खाली कोसळला. सायलसनं त्याला हात देऊन उठवलं, कपडे झटकून दिले आणि वर जाऊन त्यालाच मत दिलं. सगळा चौक खो खो हसला होता.

"शेत काढून घ्या त्याचं," प्रॉबर्ट दर वेळी म्हणे.

"त्याच्या बांधाला हात लावलास तर याद राख," सर हम्फ्री दर वेळी बजावत. "अख्ख्या गावात तो एकटा मला खरं सांगतो."

तरी मनात सल होताच. या एका माणसानं एकदा तरी आपलं नाव घ्यावं, असं त्यांना फार वाटे. पार्लमेंटातल्या वाहवेपेक्षाही जास्त वाटे.

ते पायऱ्या उतरू लागले. गर्दीत ॲशकोटची माणसं होती. दर वेळी सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा खानावळवाला हॉब आज स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "पडदा कसा काय वाटला, सर हम्फ्री?" मागून कुणीतरी टोमणा मारला आणि हशा पिकला. ते थांबले नाहीत.

गाडीपाशी सायलस उभा होता. सर हम्फ्री जवळ येताच त्यानं टोपी काढली. सत्तावीस वर्षांत त्याचं टक्कल ते पहिल्यांदाच बघत होते.

"आला जखमेवर मीठ चोळायला," प्रॉबर्ट म्हणाला.

"ये सायलस," सर हम्फ्री म्हणाले. "अभिनंदन. आला एकदाचा तुझा माणूस निवडून."

"माझा माणूस पडला," सायलस म्हणाला.

सर हम्फ्री त्याच्याकडे बघतच राहिले. "तू मला मत दिलंस?"

"दिलं."

"आणि मग सहा वेळा त्या माच्यावर चढून जे ओरडलास, ते काय होतं?"

"सहा वेळा सगळं गाव बघत होतं." म्हातारा ताठ उभा होता, आवाज माच्यावर असे तसाच खणखणीत. "मी तुमचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, ड्र्यू शेतासाठी वाकला. लोकांचं सोडा, तुम्हीसुद्धा घरी जाऊन माझ्या नावावर बोट ठेवून तेच म्हणाला असतात."

सर हम्फ्रींचा हात वर गेला आणि भर चौकात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी आपल्या कुळापुढे हॅट काढली.

"या वेळी कुणी बघत नव्हतं," सायलस म्हणाला. "म्हणून या वेळी तुम्हाला देता आलं."