सोमवारचा पेला

बॅटरीच्या धातूची खाण आली, तेव्हा आईने भांडून करारात अट घातली होती: दर सोमवारी खाणीतून सोडायचे पाणी तपासनिसाने गावासमोर पेलाभर प्यायचे, पेला भरलेला राहिला, तर खाण बंद. तीन वर्षांत दवाखाना झाला, घरटी नोकरी आली आणि लेक तपासनीस झाली. आज पेल्यात बुडवलेली कागदी पट्टी लाल झाली. “पी गं, नवरीसारखी लाजतेस काय?” काकू हसली. “काकू, पाण्यात विष उतरलंय. खाण थांबवावी लागेल.” हसू विरले. आईने पेला उचलला. “मी पिते. घोटभर पाण्यानं कोणी मरत नाही.” “आई, अट तुझीच ना?” “तेव्हा तुला नोकरी नव्हती.” मागून गावकऱ्यांचे चार हात पाणी प्यायला पेल्याकडे सरसावले. लेकीने आईच्या बोटांतून पेला सोडवला, थेंबही न सांडता भरलेलाच टेबलावर ठेवला आणि खाण थांबवण्याचा भोंगा वाजवला.